सर्व्हिस नलिनीबाईंची

कारखान्याच्या टाउनशिपमध्ये जन्म काढलेला माणूस जर म्हणाला, की मी एकदाही चुकून दुसऱ्याच्या क्वार्टरमध्ये शिरलो नाही, तर तो एक तर थापा मारतोय, नाहीतर घराबाहेरच पडलेला नाही. भोपाळजवळच्या पिपलानीतल्या क्वार्टरांच्या त्या ओळीच्या ओळी तशाच आहेत. तेच लोखंडी फाटक, त्याच दोन पायऱ्या, तीच जाळीची पडवी आणि उजव्या हाताला तेच स्वयंपाकघर. नलिनीबाई लघाट्यांचे यजमान विश्वनाथराव तर लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात फर्स्ट शिफ्टवरून दमून आले, शेजारच्या ओळीतल्या घरात पाटावर बसले आणि अर्धं जेवण झाल्यावर त्यांना शंका आली, की आज भाजी इतकी चांगली कशी? ही गोष्ट ते स्वतः चारचौघांत सांगत, आणि नलिनीबाई दर वेळी रागावल्यासारखं करून हसत.

पण तीच चूक सदुसष्टाव्या वर्षी नलिनीबाईंच्या हातून झाली, तेव्हा कुणी हसलं नाही.

दिवाळीनंतरची गोष्ट. कोपऱ्यावरून कोथिंबीर घेऊन त्या परतल्या आणि आपल्या मागच्या ओळीतल्या श्रीवास्तवांच्या घरात शिरल्या. नुसत्या शिरल्या असत्या तर निभावलं असतं. त्यांनी चहाचं आधण ठेवलं, ओट्यावरची चार भांडी विसळली, आणि मिसेस श्रीवास्तव न्हाणीघरातून ओल्या केसांनी बाहेर आल्या तेव्हा त्यांना विचारलं, "मेधा, तू घेतेस ना अर्धा कप?" मेधा ही त्यांची सून. मिसेस श्रीवास्तव बाई भल्या. त्यांनी चहा घेतला, नलिनीबाईंचा हात धरून त्यांना घरी पोचवलं आणि जाताना मेधाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

नलिनीबाई इतरांना म्हणाल्या, अहो, सगळी घरं सारखीच, होतं असं. मनात मात्र त्या चांगल्याच घाबरल्या होत्या. घर चुकणं एक वेळ ठीक, पण परक्या बाईच्या तोंडाकडे बघून मेधा म्हणायचं? आणि हे काही पहिलंच नव्हतं. त्याआधी दोनदा गॅस चालू राहिला होता. त्या शिकवत त्या शाळेतली जुनी सहकारी रस्त्यात भेटली तर तिचं नाव ओठांवर येऊन अडलं होतं, आणि "अगं तू" म्हणत त्यांनी वेळ मारून नेली होती.

त्यांच्या मुलाला, अनंताला, हे संध्याकाळी कळलं. तो कारखान्यात डिझाइनमध्ये होता, दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून पोट सुटलेला, स्वभावाने अगदी मऊ माणूस. त्याने आवाज चढवला नाही. चप्पल घालून बाजारात गेला आणि येताना कुलूप घेऊन आला.

नलिनीबाईंनी ते कुलूप हातात घेऊन उलटसुलट बघितलं. सहा वर्षांपूर्वी असंच एक कुलूप त्या फाटकाला लागलं होतं, ते विश्वनाथरावांसाठी. त्यांची स्मृती जात चालली होती. एका संध्याकाळी फिरायला म्हणून गेले ते परतलेच नाहीत. अनंताने स्कूटरवरून सारं भोपाळ पालथं घातलं आणि शेवटी ते जवाहर चौकात एका दुकानाच्या फळीवर बसलेले सापडले. त्या रात्री अनंता लहान मुलासारखा रडला होता. दुसऱ्या दिवसापासून फाटकाला कुलूप, आणि विश्वनाथराव पडवीतल्या खुर्चीत. पुढची दीड वर्षं, अगदी शेवटपर्यंत, ते तिथेच बसले.

"आई, एकटी नको ना जाऊस कुठे," अनंता म्हणाला. "तुला काय हवं ते मेधा आणील. मला टेन्शन नाही सहन होत आता." त्याच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं, त्यामुळे नलिनीबाईंना भांडताही येईना.

त्याने त्यांना डॉक्टर निगमबाईंकडे नेलं, तेही रजा टाकून. निगमबाई पन्नाशीच्या, तोंडाने तिखट. त्यांनी नलिनीबाईंना शब्द लक्षात ठेवायला लावले, घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढायला पाठवलं. मग पुढच्या भेटीत सांगितलं, की थोडीशी घसरण आहे, घाबरण्याइतकी नाही, पण दुर्लक्ष करण्याइतकीही नाही. आठवणी साठवणारा मेंदूतला एक चिमुकला भाग असतो, वय होतं तसा तो आक्रसत जातो. नेमाने अंग दमवलं, हृदयाने जोर धरला, की मेंदूला रक्त नीट पोचतं आणि हे आक्रसणं मंद व्हायची शक्यता असते. गोळीने होत नाही एवढं कधी कधी पायांनी होतं. हमी कुणीच देऊ शकत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

"रोज़ कुछ ऐसा कीजिए कि साँस फूले," त्या म्हणाल्या, "और कुछ नया सीखिए, जिसमें हाथ, आँख और दिमाग़ तीनों को साथ दौड़ना पड़े।" मग चष्म्यावरून अनंताच्या पोटाकडे बघत त्यांनी जोडलं, की हे सगळं सत्तरीत नव्हे, चाळिशीतच सुरू करायचं असतं.

घरी येताना अनंताच्या डोक्यात एकच शब्द राहिला होता, घसरण. नलिनीबाईंच्या डोक्यात मात्र दम लागण्याचं घोळत होतं. अनंताने तडजोड म्हणून सांगितलं, की पडवीत फेऱ्या मार. आता ती पडवी केवढी, तर तिथे दम लागायच्या आधी चक्कर आली असती.

इथे इंदुताई घाटोळ मध्ये पडल्या. इंदुताई मूळच्या नागपूरच्या, सत्तरीच्या, यजमानांच्या सरकारी ऑफिसबरोबर भोपाळला आलेल्या आणि आता टाउनशिपमध्ये लेकीकडे राहणाऱ्या. अंगाने काटकुळ्या, आवाजाने दांडग्या. तरुणपणी त्या टेबल-टेनिस खेळत, आणि टाउनशिपच्या क्लबातलं टेबल दुपारपर्यंत रिकामं धूळ खात पडलेलं बघून त्यांचा जीव तुटत असे. त्यांना जोडीदारीण हवी होती. नलिनीबाईंना दम हवा होता. फाटकापाशी उभं राहून, कुलपाच्या अलीकडून एक आणि पलीकडून एक, असा दोघींचा बेत ठरला.

राहिला प्रश्न मेधाचा. चावी तिच्याकडे. नलिनीबाईंनी तिला भीत भीत विचारलं, तर ती आत गेली आणि आपला एक जुना सलवार-कुर्ता आणि कॅनव्हासचे बूट घेऊन आली. म्हणाली, "आई, साडीत पाय अडकेल. आणि ह्यांना मी वेळ आली की सांगीन. तुम्ही चला." त्या दिवशी नलिनीबाईंना सून आपल्याला फार आधीच कळायला हवी होती असं वाटून गेलं.

पहिले काही आठवडे काय वर्णावे! चेंडू टेबलावर कमी आणि टेबलाखाली जास्त. तो उचलायला वाकण्यातच नलिनीबाईंचा निम्मा व्यायाम होई. त्यात इंदुताईंचा हट्ट, की खेळायचं तर डबल्सच, कारण एकेरीत आपल्याला कोण पळवणार? समोरच्या बाजूला कधी मिसेस घोषाल आणि मिसेस कुट्टी येत, त्यांनाही डॉक्टरांनी असंच काहीबाही सांगितलेलं. आणि डबल्सची भानगड अशी, की एकाच बाजूच्या दोघींनी आलटून पालटून मारायचं. आपण मारला की लगेच बाजूला व्हायचं, जोडीदारणीला जागा द्यायची. नलिनीबाई मारून तिथेच कौतुकाने उभ्या राहायच्या, आणि मागून इंदुताई येऊन धडकायच्या. शिवाय सर्व्हिस कुणी कुणाला करायची याचाही फेरा असतो. दोन दोन पॉइंटांनी तो फिरतो, आणि जिने सर्व्हिस घेतली तिनेच पुढची करायची असते. यावरून चौघींची रोज भांडणं. मराठी, बंगाली, मल्याळी आणि सगळ्यांच्या वर हिंदी, असा गलका उठे, की क्लबाचे सेक्रेटरी पेपर खाली ठेवून बघायला येत.

पण नलिनीबाईंना मजा येऊ लागली होती. अशी मजा, की सकाळी डोळे उघडले की आधी बूट आठवावेत. दम लागायचा, छाती धडधडायची, कानशिलं गरम व्हायची, आणि खुर्चीत टेकलं की डोकं कुणी धुऊन पुसून ठेवल्यासारखं लख्ख वाटायचं. रात्री झोप लागू लागली. भूक लागू लागली. चष्मा अजूनही कुठे ठेवलाय ते आठवत नसे, मिसेस कुट्टींचं पहिलं नाव तर त्यांनी कितीदा विचारलं असेल. पण गॅस पुन्हा चालू राहिला नाही. भाजीवाल्याचा हिशेब त्यालाच समजावून सांगू लागल्या. आधी मेधा सोबत यायची, मग कोपऱ्यापर्यंत यायची, मग नुसतंच फाटक उघडून द्यायची. एकट्याने चालत क्लबपर्यंत जाताना त्या प्रत्येक ओळीतल्या घरांच्या खुणा बघत जात. इथे बोगनवेल, तिथे निळी टाकी, पुढे मोडकी सायकल. घरं सारखी असली तरी माणसं सारखी नाहीत, हे त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दिसत होतं.

आणि मग सेक्रेटरींनी एक खोडी काढली. उन्हाळा लागायच्या आत टाउनशिपच्या स्पर्धा असतात, त्यात त्यांनी या वर्षी ज्येष्ठ महिला दुहेरी असा नवा प्रकार घातला. वाटलं होतं, ओढूनताणून दोन जोड्या येतील. आल्या सहा. त्यातल्या दोन जोड्यांना धूळ चारून इंदुताई आणि नलिनीबाई फायनलला पोचल्या, आणि समोर कोण, तर घोषाल-कुट्टी.

फायनल रविवारी होती आणि रविवारी अनंता घरी. मेधा म्हणाली, आता सांगून टाकू. नलिनीबाई म्हणाल्या, फायनल होऊ दे, मग मीच सांगते; आधी सांगितलं आणि तो नको म्हणाला, तर मी काय करू? नको म्हणालेल्या मुलाला डावलून जाण्याइतकी छाती त्यांच्यात नव्हती. शेवटी सासू-सुना बिट्टन मार्केटला भाजी आणायला जातो म्हणून निघाल्या. पिशवीत बूट आणि बॅट.

क्लबाच्या हॉलमध्ये एवढी गर्दी नलिनीबाईंनी गणपतीतही पाहिली नव्हती. नातवंडं, सुना, जावई, रिटायर झालेले फोरमन, सगळे भिंतीला टेकून उभे. पहिला गेम घोषाल-कुट्टींनी घेतला. दुसरा इंदुताईंनी जवळजवळ एकटीने ओढून आणला. तिसऱ्यात तर कुणी कुणाला सोडेना. मिसेस घोषाल दिसायला गोड, पण त्यांचा चेंडू टेबलावर पडून असा वळायचा, की दगाबाज हा एकच शब्द सुचावा. नलिनीबाई पळत होत्या, मारून बाजूला होत होत्या, पुन्हा आत येत होत्या. घामाने कुर्ता पाठीला चिकटला होता. आपण सदुसष्ट वर्षांच्या आहोत हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आठ-आठ झाले. टाळ्यांचा नुसता कडकडाट. नलिनीबाईंनी तोंड पुसलं, वर बघितलं, आणि दारात अनंता उभा होता.

त्याला कुणीतरी फोन करून सांगितलं होतं, तुमची आई फायनल खेळतेय आणि तुम्ही घरी काय करताय? त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जवाहर चौकातून वडिलांना घेऊन आला होता त्या रात्री होता तोच चेहरा होता.

नलिनीबाईंच्या डोक्यातलं सगळं एकदम पुसलं गेलं. किती झाले? सर्व्हिस कुणाची? त्या हातातल्या बॅटकडे बघत राहिल्या. हीच ती वेळ, त्यांना वाटलं, याच्याचसमोर यायची होती.

"काय विचार करून राहिली तू, नलू?" इंदुताई कानाशी म्हणाल्या.

वेळ मारून नेणं नलिनीबाईंना चांगलं जमत होतं, वर्षभर तेच करत होत्या. मग त्यांनी मान वर केली आणि अंपायरला अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "स्कोअर विसरले मी. किती झाले?"

कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. अंपायर म्हणाले, आठ-आठ, सर्व्हिस घाटोळबाईंची, म्हणजे इंदुताईंची.

आणि तिथे नलिनीबाईंच्या आत काहीतरी हललं. आकडे गेले होते, पण पायांना जागा ठाऊक होती. मघाचा चेंडू त्यांच्या उजव्या हाताशी आला होता, उंच, थोडा आखूड. "नाही हो," त्या म्हणाल्या. "आत्ता कुट्टीबाई मला सर्व्हिस करत होत्या. मी घेतली, म्हणजे आता करायची मी, आणि ती घोषालबाईंना."

अंपायर गोंधळले. चौघी नेहमीप्रमाणे एकदम बोलू लागल्या. शेवटी मिसेस कुट्टींनीच हात वर केला आणि खिलाडूपणाने सांगितलं, नलिनीजी सही बोल रही हैं. अंपायरांनी मान डोलावली. इंदुताईंनी अंपायरकडे असं बघितलं, की बिचारा पुढचा सगळा वेळ टेबलावरून नजर हलवायला धजावला नाही.

मग जे झालं ते हॉलमधले लोक अजून वर्षभर तरी विसरणार नाहीत. नऊ-आठ, नऊ-नऊ. दहा-नऊ, दहा-दहा. म्हातारे फोरमन खुर्चीवर उभे राहिले. मेधा, जी एरवी मोठ्याने हसतही नाही, ती तोंडाशी हात धरून ओरडत होती. इंदुताईंचा एक चेंडू जाळीत गेला. शेवटच्या पॉइंटला चेंडू इतका वेळ इकडून तिकडे जात राहिला, की नलिनीबाईंना वाटलं तो आता पडणारच नाही. त्या पळाल्या, मारला, सरकल्या, पुन्हा पळाल्या. आणि मिसेस घोषालांचा एक फटका टेबलाच्या कडेला निसटता लागून खाली गेला; कडेला लागला की तो आतच धरतात.

हरल्या. आणि तरी नलिनीबाईंना इतका आनंद झाला होता, की त्यांनी आधी मिसेस घोषालांना मिठी मारली आणि मग इंदुताईंना, आणि मग चुकून अंपायरनाही मारणार होत्या.

गर्दी पांगू लागली तसा अनंता टेबलापाशी आला. "आई, घरी चल," तो हळू आवाजात म्हणाला. "मी तुला आणि मेधाला काही बोलणार नाही. पण असं करू नकोस. तुला वाटेत काही झालं असतं तर? बाबांच्या वेळी मीच म्हणालो होतो, जाऊ दे त्यांना फिरायला. मीच सोडलं होतं त्यांना."

हे त्याने आजवर कधी बोलून दाखवलं नव्हतं. सहा वर्षं हा माणूस हे पोटात घेऊन फिरत होता, आणि आईला पत्ता नव्हता. नलिनीबाईंनी बॅट टेबलावर ठेवली. त्यांना भडभडून आलं, पण रडण्याआधी बोलायला हवं होतं.

"अनंता, जवाहर चौकात सापडले त्या दिवशी त्यांना पत्ता सांगता येत नव्हता, पण माझं नाव सांगता येत होतं. आपण त्यांना खुर्चीत बसवलं आणि दीड वर्षात तेही गेलं. कदाचित तसंही गेलंच असतं, मला ठाऊक नाही. पण चालता-बोलता गेलं असतं. माझंही जायचं असेल तर जाईल रे. पण मला बसवून ठेवू नकोस."

अनंताने खिशातून रुमाल काढला, डोळे पुसले, नाक पुसलं, मेधाकडे बघितलं, मग पुन्हा आईकडे. तिचे गाल लाल झाले होते, केस विस्कटले होते, सुनेच्या कुर्त्यात ती मास्तरीणबाई होती त्या काळातल्यासारखी दिसत होती. "ती सर्व्हिस कुणाची ते तुला कसं कळलं?" त्याने विचारलं. "मला तर काहीच समजलं नाही."

"बॅट घे," नलिनीबाई म्हणाल्या.

तो नको नको म्हणत होता, पण इंदुताईंनी स्वतःची बॅट त्याच्या हातात कोंबली. पहिला चेंडू त्याच्या पोटाला लागला. दुसरा त्याला दिसलाच नाही. पाचव्या-सहाव्या चेंडूला तो टेबलाची कड धरून धापा टाकू लागला, चेहरा टोमॅटोसारखा, आणि धापा टाकता टाकताच हसू लागला. कितीतरी दिवसांनी त्याला असं हसताना पाहून मेधाने तोंड फिरवलं.

"निगमबाईंनी चाळिशीत सुरू करायला सांगितलंय," नलिनीबाई म्हणाल्या. "ते मला नाही, तुला सांगितलं होतं. ऐकलं नाहीस तू." मेंदू, रक्त, आठवणींचा तो चिमुकला भाग, सगळं त्यांनी त्याला जमेल तसं पुन्हा सांगितलं. थोडं चुकलं, ते मेधाने दुरुस्त केलं.

अनंता भिंतीला टेकला. "सकाळी किती वाजता येता तुम्ही?"

"तुझी शिफ्ट सुरू व्हायच्या आधीही येता येईल. इंदुताईंना पहाटे जाग येतेच." नलिनीबाई खाली बसून बुटांच्या नाड्या सोडू लागल्या. मग काहीतरी सुचल्यासारखं त्यांनी मान वर करून लेकाकडे बघितलं.

"क्लबपर्यंत एकटा येशील ना नीट? का मी येऊ सोबत?"